'कार्ड गेलं' म्हणण्याआधी मीटर लावा

(पोस्ट लांब आहे. पण ज्यांची मिल आहे, ज्यांच्या घरी आयटीआय-डिप्लोमावाला पोरगा आहे, आणि जे ग्रामपंचायतीत बसतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.)

दिवाळी आटोपली की आपल्याकडे धानाची मळणी सुरू होते, आणि तिथून पुढचे काही महिने राईस मिलवाल्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. नेमकं याच दिवसांत एक वाक्य ब्रह्मपुरीपासून मूलपर्यंत आणि वडशापासून नागभीडपर्यंत सारखं कानावर येतं: "पीएलसीचं कार्ड गेलं."

एकदा हे वाक्य निघालं की पुढचं सगळं ठरलेलं. मिल बंद. नागपूरला फोन. सव्वाशे किलोमीटरवरून माणूस येणार, तो येईपर्यंत हमाल-मजूर बसून. कार्ड जुन्या मॉडेलचं असेल तर नवं मिळत नाही, कुणाचं तरी वापरलेलं शोधून आणायचं, आणि त्याचेही हजारांत पैसे मोजायचे.

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक वेळा कार्ड गेलेलं नसतं. बिघाड कार्डाच्या बाहेर असतो: तारेत, जोडात, सेन्सरमध्ये, २४ व्होल्टच्या सप्लायमध्ये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार आहे. आणि आग नेमकी कुठं लागली हे ओळखणारा माणूस आपल्याच गावात तयार करणं, हा माझ्या मते आपल्या भागाच्या रोजगाराचा प्रश्न आहे. निव्वळ मशीनचा नाही.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. काही वर्षं सिमेंट कारखान्यात काढली, आता ब्रह्मपुरीत राहून आजूबाजूच्या मिली, पाण्याच्या योजना, छोटे कारखाने पाहतो. त्यामुळे जे लिहितोय ते रोजचं आहे.

ज्यांना पीएलसी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पॅनलमध्ये बसवलेला हा छोटा कॉम्प्युटर. कोणती मोटर कधी चालवायची, कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे तो ठरवतो. पण त्याला स्वतःला काही दिसत नाही. बाहेरची बातमी त्याच्यापर्यंत आणतं ते इनपुट कार्ड, आणि त्याचा हुकूम बाहेर पोचवतं ते आउटपुट कार्ड. गावच्या कोतवालासारखं समजा. कोतवालानं चुकीची बातमी आणली म्हणून लगेच कोतवालच खोटा ठरत नाही. त्याला सांगणाराच चुकला असेल, किंवा वाटेतला पूल तुटला असेल. आपण मात्र पहिल्याच झटक्यात कोतवाल बदलून मोकळे होतो.

गंमत अशी, की हे यंत्र मुळात गावच्या इलेक्ट्रिशियनसारख्या माणसाला दुरुस्त करता यावं म्हणूनच आलं. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या भल्यामोठ्या पॅनलचा कंटाळा आला होता. त्यांनी मागणी केली की प्रोग्राम बदलता येईल आणि जागेवरच, कार्ड काढून-घालून दुरुस्त करता येईल असं काहीतरी द्या. त्यातून डिक मॉर्ली आणि त्यांच्या साथीदारांनी मोडिकॉन ०८४ बनवलं. त्याची भाषाही शिडीच्या आकृतीची ठेवली, कारण रिलेचं ड्रॉइंग वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ती आधीच येत होती. म्हणजे इंजिनिअरच पाहिजे, नागपूरचाच पाहिजे, हा आपला गैरसमज आहे.

आता एक खरी गोष्ट. गाव आणि मिल सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही.

उसन्या तांदळाची मिल. हौदात धान भिजत घातलेला, आणि एकदम आठ इनपुटचे दिवे विझले. एलिव्हेटर बंद, स्टीमिंग बंद. बाहेरचा मेकॅनिक आला. त्यानं मीटर लावलं, प्रत्येक टर्मिनलवर २४ व्होल्ट येत होते. दिवे मात्र एकही नाही. "व्होल्टेज येते, दिवा लागत नाही, म्हणजे कार्ड गेला ना गा भाऊ." ऐकायला एकदम बरोबर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवं कार्ड आलं, बसवलं. दिवे तसेच बंद.

मग मला बोलावलं. मी तेच मीटर घेतलं, फक्त काळी प्रोब पॅनलच्या शून्य व्होल्टच्या पट्टीवरून काढून कार्डाच्या स्वतःच्या कॉमन टर्मिनलवर ठेवली. मीटरनं जवळपास शून्य दाखवलं. म्हणजे कार्डापर्यंत २४ व्होल्ट पोचतच नव्हते. कॉमनची तार टर्मिनलमधून निसटून डक्टमध्ये पडली होती. एलिव्हेटरच्या थरथरीनं स्क्रू हळूहळू सैल झाला असणार. तार घट्ट केली, आठही दिवे लागले. मग जुनं कार्ड परत लावलं. तेही ठणठणीत.

दोन मिनिटांचं काम. पण तोवर हौदातला धान आंबला होता. उसन्याचं काम करणाऱ्यांना माहीत आहे, भिजलेला धान वेळेत वाफेवर गेला नाही तर तांदळाला वास येतो, रंग जातो. शासकीय भरडाईचं काम असेल तर क्विंटलमागे साधा ६७ किलो आणि उसना ६८ किलो तांदूळ जमा करावाच लागतो. तिथं "साहेब, कार्ड गेलं होतं" हे कारण चालत नाही.

यातून शिकायचं ते एवढंच: एकाच गटातले सगळे इनपुट एकदम गेले तर आधी कॉमन आणि फ्यूज पाहा. आठ सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत. एकच इनपुट गेला असेल तर त्या एका तारेमागे जा.

शोधायची पद्धतही अवघड नाही. कार्ड हा मधला नाका आहे. नाक्यावर उभं राहून विचारायचं, बिघाड अलीकडे की पलीकडे?

इनपुटला व्होल्टेज नाही आणि दिवाही नाही, तर बिघाड बाहेर. सेन्सर, केबल, जंक्शन बॉक्स. व्होल्टेज आहे (कार्डाच्या कॉमनशी मोजून, हे विसरू नका) आणि तरी दिवा नाही, तर मग कार्डावर संशय. दिवा लागतो पण प्रोग्रामला बिट दिसत नाही, तर कार्ड, त्याची मागची जोडणी किंवा प्रोग्राममधला पत्ता तपासायचा. एवढ्या तीन प्रश्नांत अर्धं मैदान साफ होतं.

व्होल्टेज "आहे" म्हणजे किती, हेही महत्त्वाचं. २४ व्होल्टच्या नेहमीच्या इनपुटला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १५ व्होल्टच्या वर असेल तर 'चालू' आणि ५ व्होल्टच्या खाली असेल तर 'बंद' धरतात. मधलं सगळं भरवशाचं नाही. मीटरवर ११ व्होल्ट दिसले आणि "येतेय ना व्होल्टेज" म्हणून पुढं गेलात, तर तिथंच फसलात. तो कधी चालू धरेल, कधी बंद. मिल "मधूनमधून" थांबते म्हणून जी तक्रार असते, त्यातल्या बऱ्याच अशाच असतात. कुठं ओलावा शिरलेला जंक्शन बॉक्स, कुठं दोन तारांच्या सेन्सरची गळती, कुठं मोटरच्या केबलला चिकटून शंभर मीटर नेलेली सिग्नलची तार.

आउटपुटचं उलटं. दिवा लागतो पण टर्मिनलवर व्होल्टेज नाही, तर आधी त्या गटाचा फ्यूज आणि सप्लाय पाहा, मग रिलेचा कॉन्टॅक्ट. दिवा विझला तरी व्होल्टेज जात नाही, तर रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटलेला असू शकतो. ट्रायॅकचं आउटपुट असेल तर लोड काढून मोजू नका. डिजिटल मीटर गळतीचं भुताटकी व्होल्टेज दाखवतं आणि चांगलं कार्ड भंगारात जातं.

खरंच कार्ड गेलेलं असतं तेव्हाही नवं लावण्याआधी विचारा, गेलं कशानं? सोलेनॉइडच्या कॉइलवर साधा डायोड नसेल तर बंद होताना ती कॉइल दर वेळी आउटपुटला झटका देते. डायोड काही रुपयांचा. तो न लावता नवं कार्ड बसवणं म्हणजे फुटक्या माठात पुन्हा पाणी भरणं.

पाण्याच्या योजनांबद्दलही सांगायला पाहिजे, कारण तिथं मालक आपण सगळेच आहोत. टाकीची पातळी सांगणारं यंत्र बहुतेक ठिकाणी ४ ते २० मिलीअँपिअरचा सिग्नल देतं. टाकी रिकामी तर ४, अर्धी तर १२, भरली तर २०. कधी विचार केला का, शून्यापासून सुरुवात का नाही केली? कारण मग टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे, हे कळलंच नसतं. ४ म्हणजे "मी जिवंत आहे, टाकी रिकामी आहे". शून्य म्हणजे "मी मेलो". सर्वसाधारणपणे ३.६ मिलीअँपिअरच्या खाली गेलं की बिघाड समजायचा, पातळी नव्हे.

पण प्रोग्राममध्ये ही तपासणीच टाकलेली नसेल तर? विहिरीवरच्या यंत्राची तार उंदरानं कुरतडली की पॅनल म्हणतं विहीर कोरडी आहे, पंप चालवू नका. विहिरीत पाणी आहे, पंप चांगला आहे, वीज आहे, आणि गावात बाया गुंड-कळश्या घेऊन हँडपंपावर उभ्या. उलट, टाकीवरच्या यंत्राची तार तुटली तर पॅनलला टाकी रिकामी दिसते, आणि पंप रात्रभर पाणी ओतत राहतो. दोन्हीकडे "कार्ड गेलं" म्हणून आठवडा जातो. खरं तर अडीचशे ओहमचा एक रेझिस्टर त्या वाटेत लावून मोजलं तर १२ मिलीअँपिअरला ३ व्होल्ट दिसले पाहिजेत. सीमेन्सच्या कार्डावर त्याच वेळी आकडा १३८२४ च्या आसपास असला पाहिजे, म्हणजे २७६४८ च्या बरोबर निम्मा. दोन्ही जुळलं तर कार्ड निर्दोष. ड्रायरच्या तापमानाचं असंच. पीटी-१०० सेन्सर काढून त्याजागी शंभर ओहमचा रेझिस्टर लावा, कार्डानं शून्य अंश दाखवलं पाहिजे. दाखवलं, तर कार्डाला नावं ठेवू नका, सेन्सर पाहा.

आता आपल्या हवेबद्दल. ब्रह्मपुरीचं नाव देशभर कशासाठी छापून येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश. टिनाच्या शेडमध्ये, बॉयलरच्या बाजूला, बंद पॅनलच्या आत किती होत असेल? या मालाची मर्यादा साधारण ५५ ते ६० अंशांची असते. सगळ्यात आधी बसतो तो २४ व्होल्टचा सप्लाय. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. सकाळी मोजलं तर २४ दाखवतो, दुपारी सगळे रिले एकदम ओढले की खाली बसतो, आणि इनपुटचे दिवे लुकलुकतात. म्हणून सप्लाय नेहमी पूर्ण भार असताना मोजायचा. त्यावर तुसाची धूळ पंख्याच्या जाळीत, पावसाळ्यात ओल, विजांचा कडकडाट, आणि उंदीर तर घरचेच. आपल्या भागात बिघाड बाहेरून येतो तो असा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. सेन्सर त्रास देतो म्हणून इनपुटला जंपर मारून मिल चालवण्याची सवय घातक आहे. आपत्कालीन बटण, गार्डचा स्विच, बॉयलरच्या कमी पाण्याचं संरक्षण, यांना जंपर कधीच नाही. चाचणीपुरताही नाही. तुसावर चालणाऱ्या बॉयलरमध्ये पाणी कमी असताना आग चालू राहिली तर पुढं काय होतं हे सांगायला नको. साधा इनपुट तपासतानाही आधी मेन स्विच पाडा, त्यावर पाटी लावा, कन्व्हेयरजवळ कुणी नाही ना ते डोळ्यानं पाहा. तुम्ही पॅनलमध्ये तार टेकवता आणि पन्नास फुटांवर कुणाचा हात यंत्रात असतो. नुकसान कार्डाचं झालं तर भरून निघतं.

काही मिलमालक म्हणतील, "भाऊ, हंगामात शोधत बसायला वेळ कुणाला आहे? कार्ड बदललं की काम सुरू." त्यांचंही अगदीच चूक नाही. स्पेअर कार्ड असेल, पॉवर बंद करून, तेच मॉडेल त्याच जागी लावून पाहिलं, तर ती एक चांगली चाचणी आहे. पण बाहेर शॉर्ट असताना नवं आउटपुट कार्ड लावलं तर तेही जळतं, आणि मग दोन कार्डांचे पैसे. पाच मिनिटं मोजायला लागतात, दोन दिवस वाट पाहायला. कोणता वेळ महाग आहे तुम्हीच ठरवा. नागपूरहून येणाऱ्या माणसालाही मी दोष देत नाही. त्याला रात्री परत जायचं असतं, तुमच्या पॅनलचं ड्रॉइंग त्याला कुणी दिलेलं नसतं, तारांवर नंबर नसतात. अशा वेळी कार्ड बदलणं हाच त्याच्यासाठी सुरक्षित मार्ग उरतो.

म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. सूरजागडची खाण झाली, कोनसरीचा प्रकल्प उभा राहिला, गडचांदूरकडे सिमेंट आहे, चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, बल्लारपूरला कागद कारखाना. दर निवडणुकीत, दर मोर्चात एकच मागणी: स्थानिकांना नोकरी द्या. मागणी रास्त आहे, मी स्वतः त्या घोषणा दिल्या आहेत. पण कंट्रोल रूमच्या दारावर पोट्ट्याला विचारतात, "तुला काय येतं?" तिथं सात-बारा आणि रहिवासी दाखला दाखवून भागत नाही. दाखल्यानं हेल्परची जागा मिळते. बिघाड शोधता आला तर टेक्निशियनची.

आपल्या ब्रह्मपुरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे. पोरं पीएलसी शिकतातही. पण शिकणं म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर शिडी काढायची, बटण दाबलं की दिवा लागला, प्रॅक्टिकल संपलं. कारखान्यात नवी शिडी काढायला वर्षातून एखाद वेळा सांगतात. बंद पडलेलं सुरू करायला रोज सांगतात. माझी सूचना साधी आहे. जुनं चालू कार्ड, २४ व्होल्टचा सप्लाय, चार सेन्सर, दोन रिले, थोडे रेझिस्टर, एवढ्यात एक बिघाड-बोर्ड तयार होतो. मास्तरांनी मागून एक बिघाड करून ठेवायचा: कॉमन ढिली, तार आतून तुटलेली, फ्यूज उडालेला, सप्लाय १४ व्होल्टवर आणलेला. पोरानं मीटर घेऊन शोधायचा आणि कागदावर लिहायचं: काय दिसलं, काय मोजलं, त्यावरून काय वगळलं. मार्क त्या कागदाला द्या. नशिबानं सापडलेल्या बिघाडाला मार्क नकोत.

माजी विद्यार्थी कारखान्यांत आहेत, मिलमालक आहेत. काढून टाकलेली कार्डं तुमच्या गोदामात धूळ खात पडली आहेत. ती भंगारात देऊ नका, कॉलेजला द्या. त्यातली निम्मी चांगली निघाली तर मला अजिबात नवल वाटणार नाही.

आणि मिलमालक व ग्रामपंचायत, दोघांसाठी तीन गोष्टी. नवं पॅनल घेताना ऑर्डरमध्येच लिहून घ्या. पहिलं, पूर्ण वायरिंग ड्रॉइंग, आणि दोन्ही टोकांना नंबर लावलेल्या तारा. दुसरं, प्रोग्रामची प्रत पासवर्डसकट आपल्या ताब्यात, पेनड्राइव्ह कपाटात. पैसे आपण दिले, तर कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात का? तिसरं, पातळी-तापमानाच्या प्रत्येक सिग्नलला 'तार तुटली' असा वेगळा अलार्म. हे तीन होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. पाणीपुरवठ्याची योजना ताब्यात घेताना सरपंच-ग्रामसेवकांनी नळाला पाणी आलं का एवढंच पाहू नये. कंत्राटदारासमोर सेन्सरची तार काढायला लावावी आणि पॅनल खरं बोलतं की खोटं ते पाहावं.

बिघाड-बोर्ड कुठल्या कॉलेजला करायचा असेल तर ड्रॉइंग मी देतो, एक दिवस येऊन बसवूनही देतो, फुकट. आयटीआय आणि तंत्रनिकेतनच्या मास्तरांपर्यंत ही पोस्ट कुणी पोचवली तर बरं होईल. आणि ज्यांच्या मिलमध्ये यंदा "कार्ड गेलं" झालं असेल, त्यांनी खाली नक्की लिहा: शेवटी निघालं काय?